पाठमोऱ्या कानांचा फोटो

बॉबकॅटचे कान मागून पाहिले की काळ्या रंगावर एकेक पांढरा ठिपका दिसतो. माझ्याकडच्या चांगल्या फोटोंत बहुतेक वेळा हेच ठिपके आहेत, डोळे नाहीत. मित्रमैत्रिणी विचारतात, "अगं, बघत का नाही ती कॅमेऱ्याकडे?"

हे फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या पॉइंट रेयीजचे. १९६२ साली संरक्षण मिळालेली ही किनारपट्टी. धुकं, खारा वारा आणि उघडी गवताळ टेकाडं. इथे गोफर आणि व्होल हे बिळात राहणारे उंदराचे भाऊबंद भरपूर, म्हणून बॉबकॅट दिवसाढवळ्याही दिसते. आपल्या घरच्या मांजरीच्या साधारण दुप्पट, अंगावर पुसट ठिपके आणि कापल्यासारखी आखूड शेपूट. त्या शेपटीवरूनच तिचं नाव पडलं.

तिची शिकार म्हणजे निव्वळ वाट पाहणं. बिळाशी ती खिळून उभी राहते. कान पुढे, एक पंजा अर्धवट उचललेला. मातीचा कण हलला की कान किंचित वळतात. मग अचानक उंच उडी. तो क्षण पकडायचा तर शटर १/२००० च्या आसपास हवं, लांब लेन्स हवी आणि गुडघे ओल्या गवतात टेकवून बसायची तयारी हवी.

एकदा असंच चाललेलं असताना रस्त्यावर गाड्या थांबल्या. पाच-सहा जण उतरले. एकाने ओठांनी उंदरासारखा चित्कार काढला. तिने झटकन मान वळवली आणि सगळ्यांचे कॅमेरे कडाडले. सुरेख फोटो मिळाले असणार. ती मात्र बीळ सोडून झुडपात निघून गेली. वीस मिनिटांची तिची मेहनत एका नजरेपायी वाया गेली.

मला ताडोबातल्या वाघाभोवती जमणाऱ्या जिप्सी आठवल्या. हौस सगळीकडे सारखीच.

कॅलिफोर्नियात २०२० पासून बॉबकॅटच्या शिकारीवर बंदी आली. पण उंदरांसाठी टाकलेलं विष, खाल्लेल्या उंदरांमधून, तिच्या अंगात अजूनही उतरतं. रस्त्यावर गाड्याही आहेतच. बंदूक गेली, तरी माणूस गेलेला नाही. त्यात आता आपला फोन. एक लोकेशन टॅग आणि पुढच्या शनिवारी त्याच वळणावर दहा गाड्या.

म्हणून मी पोस्टखाली फक्त "कॅलिफोर्निया" लिहिते. "नेमकं कुठे?" असं कुणी विचारलं तर सांगत नाही. काहींना राग येतो. मी फोटोग्राफर असून कंजूष आहे म्हणतात. म्हणोत.

तिने माझ्याकडे पाहिलं, तर मी तिथे आहे हे तिला कळलं. तिची पाठ माझ्याकडे असेल आणि सगळा जीव बिळात असेल, तर त्या टेकाडावर मी जवळजवळ नव्हतेच. मला तोच फोटो हवा असतो.