एक स्वागत, एक तिरडी आणि एक जामीन

(१) ऑक्टोबर १८८२. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून दोन तरुण संपादक बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती. पुढे काही वर्षांतच त्यांपैकी एकाची पुण्यात प्रेतयात्रा निघाली. तो तेव्हा जिवंत होता.

(२) हे दोघे म्हणजे टिळक आणि आगरकर. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. शिक्षा चार महिन्यांची झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस भोगावी लागली.

(३) ज्या पत्रांच्या आधारे आरोप झाले, ती बनावट निघाली. संपादकांनी न्यायालयात दिलगिरीही व्यक्त केली. तरीही लोकांच्या लेखी ते वीरच ठरले. चूक झाली असेल, पण हेतू शुद्ध होता, एवढे औदार्य समाजाने सहज दाखवले. लेखणीचा घाव दिवाणावर होता. वाचकाच्या घरावर नव्हता.

(४) याच खटल्यात जामिनाची गरज पडली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी दहा हजार रुपयांची व्यवस्था केली. ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांवर जहरी टीका केली होती. त्या टीकेचा हिशेब फुल्यांनी या प्रसंगी मांडला नाही.

(५) सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढले आणि १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण, रूढींचे अंधानुकरण हे त्यांचे विषय होते. आता घाव वाचकाच्या माजघरापर्यंत पोहोचला.

(६) सनातन्यांनी त्यांची प्रतिमा तिरडीवर बांधली आणि ती प्रेतयात्रा त्यांच्याच घरावरून नेली. घरात आगरकर होते, पत्नी यशोदाबाई होत्या. प्रतिवाद करायचा तर वृत्तपत्रे होती, सभा होत्या. जमावाने तिरडी निवडली. ‘तू आम्हांला मेलास’ एवढेच तिचे म्हणणे नव्हते. त्यात धमकीही होती.

(७) टिळकांनी आगरकरांशी कठोर वाद घातला, पण तो शाईने घातला. जमावाला तेवढा धीर नव्हता. बनावट पत्रांवरचा आरोप त्याने पोटात घातला होता. विवेकाने मांडलेला युक्तिवाद त्याला सोसवला नाही.

(८) १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षाच्या आतच, आगरकर गेले. त्याच डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरल्यास मंडप जाळू, अशी धमकी आली. रानड्यांनी माघार घेऊन परिषद वेगळ्या जागी भरवली. सरकारकडे हक्क मागणाऱ्या मंडपाशेजारी, सुधारकांना बोलण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली.

(९) १८९७ मध्ये ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि लेखणीची मुस्कटदाबी झाली म्हणून समाज हळहळला. ती हळहळ खरी होती, न्याय्यही होती. पण तिरडीच्या दिवशी ती कुठे होती?

(१०) स्वागताला गर्दी जमली, तिरडीलाही गर्दी जमली. जामिनाला मात्र मोजकेच लोक धावले, आणि त्यांत ‘निबंधमाले’ची टीका सोसलेले फुले होते. मतस्वातंत्र्यावर कोणाचा खरा विश्वास होता, हे ठरवायला त्या काळातील एवढा एक व्यवहार पुरेसा आहे.