पुनरुक्तीचा दोष कोणाचा?

नियमग्रंथांत पुनरुक्ती हा दोष मानावा काय, हा प्रश्न व्याकरण शिकवताना मला नेहमी पडतो. पाणिनीने तो अनुवृत्तीने सोडवला: आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत गृहीत धरायचे. मात्र ज्याला अष्टाध्यायी सलग मुखोद्गत आहे, त्यालाच ही काटकसर मानवते.

हाच पेच मला भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळांच्या पुस्तकांत भेटला. व्हाइट वुल्फ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेचे ‘व्हँपायर: द मास्करेड’ १९९१ साली आले, ‘वेअरवुल्फ: दि अपोकॅलिप्स’ १९९२ साली. दहा पैलूंच्या फाशांचे मूळ नियम दोन्हींत छापलेले. शिवाय तपशिलांत फरक असल्याने रक्तपिपासू आणि लांडगा होणारा माणूस एका खेळात आणताना पंचाईत होई. २००४ साली नव्या मालिकेत सामाईक नियमांचे स्वतंत्र पुस्तक निघाले. ‘व्हँपायर: द रेक्विएम’ खेळायला तेही लागे. पुनरुक्ती टळली, पण नवख्यावर दोन पुस्तकांचा खर्च पडला. दुसऱ्या आवृत्तीत नियम पुन्हा त्या त्या पुस्तकात परतले.

माझा कौल पुनरुक्तीला आहे. माझ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना एका वेळी एकच पुस्तक परवडते. जाणत्याला चार पाने उलटून पुढे जाता येते. नवख्याला नसलेले पान वाचता येत नाही. अट एकच: शब्द सर्वत्र तेच असावेत. ते बदलले, की पुनरुक्ती संपते आणि पाठभेद सुरू होतात. पाठचिकित्सा आपल्याला कितीही प्रिय असो, खेळायला बसलेल्यांवर ती लादू नये.