हळू चालणारा पुढे

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. माणूस तिथं गाडी लावतो, पिशव्या खांद्याला अडकवतो आणि पहिल्या शंभर पावलांत घरच्या माणसांची चाल त्याच्या लक्षात येते. कोण ढांगा टाकतं, कोण उगाच रेंगाळतं, कुणाला लगेच धाप लागते. गाडीत सगळ्यांचा वेग एकच असतो. पायी निघालं की एका घरात किती वेग नांदत होते ते कळतं.

आमच्या घरात त्यावर बाबांचा एक नियम होता: सगळ्यात हळू चालणाऱ्यानं पुढे राहायचं. डोंगरात हिंडणाऱ्यांना तो नवा नाही. बाबा मात्र तो कधी बोलून दाखवत नसत. सुटीत डोंबिवलीहून लोकलनं नेरळ गाठायचं आणि तिथून मिनी ट्रेन. ती गाडीही काही घाईची नव्हे. दोन फुटी रुळांवरून वीसेक किलोमीटर चढायला दोन तासांहून जास्त घेते. वर उतरून बाजार मागे पडला की बाबा मला म्हणायचे, "तू पुढे हो. वाट दाखव." दादाला ते स्वतःच्या मागे ठेवायचे. तो कुरकुरायचा. मी घरात सगळ्यात धाकटी, पाय सगळ्यात आखूड. पण मला वाटायचं, वाट आपल्यालाच कळते म्हणून हा मान.

वाट चुकण्यासारखी नव्हतीच. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, पण वर पोचल्यावर बराचसा सपाट. खाली काळा पाषाण आणि वर जांभ्याचा थर, म्हणून रस्ते लाल. पांढरे मोजे घालून आलेला माणूस दुपारपर्यंत ओळखू येतो. चढ-उतार बेताचे, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी अशी दाट झाडी आणि डोक्यावर सावली. त्यामुळे लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल असं हे रान आहे. आमचा ठरलेला फेरा बाजारातून शार्लट तलाव, काठावरच्या पिसरनाथाला नमस्कार, मग एको पॉइंट आणि शेवटी समोर प्रबळगड दिसणारा लुईझा पॉइंट.

वाटेत बाबा गोष्टी सांगायचे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून हा डोंगर चढून आला आणि त्यानं माथेरान 'शोधलं', असं पुस्तकात असायचं. बाबा त्यावर हसायचे. ठाकर, कातकरी आणि धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटांनी ये-जा करत होते. त्यांनी शोधाचा गाजावाजा केला नाही, एवढंच. बाबांची आवडती गोष्ट मात्र भाई कोतवालांची. 1912 साली इथंच जन्मलेला माणूस, शिकून वकील झाला, शेतकऱ्यांसाठी झटला, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत होऊन विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. मी करवंदांशी थांबले की गोष्टही थांबायची. पानाच्या द्रोणातलं एकेक करवंद चावून आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ उरकेपर्यंत भाई कोतवाल भूमिगतच राहायचे. दादा वैतागायचा, "बाबा, पुढे सांगा ना!" बाबा म्हणायचे, "ती चालू दे आधी."

कॉलेजात असताना मी मित्रमैत्रिणींबरोबर भिवपुरीहून पाली-भुतवलीच्या धरणाजवळून गार्बटच्या पठारावर चढून माथेरानला गेले. तिथं असला नियम कुणाला माहीत नव्हता. जो ताकदीचा तो पुढे. एक मैत्रीण सतत मागे पडायची. आम्ही एखाद्या कातळावर टेकून तिची वाट बघायचो, पाणी प्यायचो, गप्पा हाणायचो, घामाघूम होऊन ती पोचली की आम्ही म्हणायचो, "चला, आली!" आणि उठायचो. म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना पोटभर विसावा, आणि जिला गरज होती तिला अजिबात नाही. चौथ्या-पाचव्या थांब्याला आमच्यातला एक जाणता मुलगा काही न बोलता तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिला म्हणाला, "आता तू पुढे चल." त्या क्षणी लहानपणचा माझा सगळा मान गळून पडला. मला वाट कळत नव्हती. मी हळू होते.

थोडा राग आला, पण टिकला नाही. कारण हळू असल्याची जाणीव मला एकदाही होऊ दिली गेली नव्हती. मागे राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सतत दुसऱ्यांच्या पाठी असतात. पुढच्याला तुलनेला कुणी नसतं; त्याच्यासमोर नुसती वाट असते.

पुढे मुलगी झाली आणि ती चालायला लागल्यावर घरातला हळूपणा तिच्याकडे गेला. ती चार वर्षांची असताना आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला गेलो. नवऱ्याचं लक्ष घड्याळाकडे. त्याला सूर्यास्ताआधी लुईझा गाठायचा होता. लेक पुढे. ती एका बुटक्या झाडाशी जी थांबली ती हलेना. अंजनी फुलली होती. टोकाला नव्हे, तर चक्क फांद्यांच्या अंगाला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ, जणू कुणी फांदीला रंगीत लोकर गुंडाळून ठेवली आहे. एकेका फुलातून नाजूक केसर बाहेर आलेले आणि त्यांवर मुंग्यांची लगबग. इतकी वर्षं येऊन मी हे झाड एवढं जवळून पाहिलं नव्हतं. मग तिनंच वर बोट दाखवून विचारलं, "तो कचरा कोणी टाकला?" उंच दुबेळक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा होता: शेकरूचं घरटं. शेकरू काही दिसलं नाही. आपल्या राज्यप्राण्याचं घर कचरा ठरलं, याचं तिच्या बापाला इतकं हसू आलं की सूर्यास्त हुकला तरी तो काही बोलला नाही. पुढे कोण आहे त्यावर सगळ्यांना काय दिसणार ते ठरतं, हे मला तिथं कळलं.

आता बाबा नाहीत. लेक माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि तिची चाल मला गाठवत नाही. हळूपणा आता आईकडे आला आहे; शहात्तरी उलटली आणि गुडघे बोलतात. गेल्या खेपेला तिला वर न्यायचं तर दस्तुरीपासून बाजारापर्यंत कसं, हा प्रश्न होता. घोड्याला ती भिते. पुढून एकानं ओढायची आणि मागून ढकलायची ती हातरिक्षा तिनं आयुष्यात कधी घेतली नाही. "माझं ओझं दुसऱ्यानं छातीफुटेस्तोवर का ओढायचं?" सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या ऑगस्टमध्ये या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तिनं बातमी दोनदा वाचून घेतली. 2022 च्या डिसेंबरात तिथं प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या, त्यातून ती बाजारापर्यंत आली. मोटारबंदीच्या गावात चाकं आली म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. 2003 पासून हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तो तसा राहिलाच पाहिजे. पण रानापर्यंतच पोचता आलं नाही तर रानात चालायचं कुणी?

बाजाराच्या पुढे मात्र पायीच. पिसरनाथाच्या वाटेला लागलो तेव्हा मी आईला सहज म्हणावं तसं म्हटलं, "आई, तू हो पुढे. वाट तुला माहीत आहे." लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती न सांगता सगळ्यांच्या मागे गेली. आई काठी टेकत चार पावलं चालली, थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "मला पुढे का काढलंय ते कळतं हो मला. ही युक्ती तुझ्या बाबांना सुचवली कोणी होती?"