गच्चीवरची आगगाडी

नांदेडला विष्णुपुरीत गोदावरीचा जलाशय आहे, जवळच १९९४ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. तिथून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला या. हे कॉलेजांचं शहर २०१६ साली इतकं तहानलं, की एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर!

आता गंमत बघा. १ चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा, कॉलेजची गच्ची १,००० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. झाले ७ लाख लिटर! थोडं वाया गेलं, तरी एक आगगाडी भरतेच. हे पाणी गटारात सोडायचं, की गाळून बोअरजवळ मुरवायचं? शिवाय गच्चीला पांढरा चुना फासला, की खालचा वर्गही उन्हाळ्यात कमी तापतो.

मग, तुमच्या शाळेची गच्ची कधी मोजताय?