कायमचा पत्ता, कायमची पाकिटं

मोबाइलवर नको ते कॉल यायला लागले की आपण 1909 वर मेसेज टाकून मोकळे होतो. मेलमध्ये स्पॅमचं फोल्डर असतं, व्हॉट्सअॅपवर ब्लॉकचं बटण असतं. घराच्या दाराला मात्र असं काही नाही. तिथे जे येतं ते येतंच. गृहकर्जाची ऑफर, ‘खास तुमच्यासाठी’ निवडलेलं क्रेडिट कार्ड, कुठल्याशा कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल, देणगीचं आवाहन. आपण ते उघडत नाही आणि टाकतही नाही. फ्रिजवर, टीव्हीमागे, चपलांच्या स्टँडवर ठेवून देतो. ‘बघू नंतर!’

हा ढीग शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढतो, तसा गावच्या घरीही वाढतो. आणि कोकणात तर जरा जास्तच वाढतो, कारण आपल्याकडे ‘कायमचा पत्ता’ नावाची एक भानगड आहे.

आमचं घर रत्नागिरीत, नाचणे रोडला. घरात आई-बाबा दोघंच. मी पुण्यात नोकरीला, दोन चुलतभाऊ ठाण्याला, आत्या बोरिवलीला. पण बँकेच्या, विम्याच्या, शेअरच्या प्रत्येक फॉर्मवर आम्हा सगळ्यांचा पत्ता एकच: नाचणे रोड, रत्नागिरी 415612. भाड्याचा फ्लॅट अकरा महिन्यांनी बदलतो, गावचं घर बदलत नाही, एवढं साधं लॉजिक. एकेकाळी मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि त्यावर कोकणातली घरं चालायची. आता मुंबईकरांच्या नावाची पाकिटं येतात आणि ती सांभाळायचं काम सत्तरी गाठलेल्या आई-बाबांना लागतं.

त्यात आमचे आजोबा. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. घरात श्राद्ध होतं, भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. पण पाकिटांच्या लेखी ते अजून ‘सन्माननीय ग्राहक’ आहेत. मध्यंतरी त्यांना आरोग्य विम्याची ऑफर आली होती. बाबा म्हणाले, ‘‘आता काय उपयोग त्यांना?’’

चूक पोस्टाची नाही. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो आखला टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हा माणूस संस्कृतचा कवीही होता! सारख्या नावांची गावं आणि न लागणारी अक्षरं यातून वाट काढत पत्र बरोबर ठिकाणी जावं, ही त्यामागची कल्पना. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश-छत्तीसगडचा पट्टा, आणि शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिसचे. इतकी चोख व्यवस्था, की नको असलेलं पाकीटही बिचारं कधी चुकत नाही.

मग येतंय तर येऊ दे ना, रद्दीवाला आहेच की! मीही असंच म्हणायचे. पण गेल्या वर्षी गणपतीला घरी गेले, तेव्हा आई मखरासाठी कोपरा रिकामा करत होती आणि ढिगातून एक साधा, घडी घातलेला कागद खाली पडला. एका कंपनीच्या वार्षिक अहवालाला पावसाळ्याच्या दमटपणात तो चिकटून बसला होता. फेरफाराची नोटीस होती ती.

ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सातबाऱ्यावर नावं बदलायची असतील तर तलाठी आधी फेरफाराची नोंद घेतो आणि ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस काढतो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण रत्नागिरीत विचाराल तर तलाठीच सांगतील.) हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कोणी काही बोललं नाही तर नोंद मंजूर व्हायचा रस्ता मोकळा. पावसच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत, सामाईक. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, म्हणून नोटीसही आजोबांच्या नावाने. आणि वारसांच्या यादीत आत्याचं नाव नव्हतं.

पंधरापैकी चार दिवस उरले होते. बाबांनी त्याच दिवशी लेखी हरकत दिली, पोच घेतली. आता ते प्रकरण वादातल्या नोंदींमध्ये गेलंय आणि सुनावणीच्या तारखा पडतायत. आत्या मात्र त्या दिवसापासून बाबांना दर रविवारी फोन करते.

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर आम्ही सगळा ढीग ओटीवर ओतला. गणपतीमुळे चुलतभाऊही घरीच होते. ज्याच्या नावाचं पाकीट त्याच्या पुढ्यात. आजोबांचा ढीग सगळ्यात मोठा झाला. मग लक्षात आलं, हे सगळं एका ठिकाणाहून येत नाही. प्रत्येक पाकिटाचा नळ वेगळा, आणि तो त्याच्या त्याच्या ठिकाणी जाऊनच बंद करावा लागतो.

पहिला नळ, कंपन्यांचे अहवाल. 2011 मध्येच केंद्र सरकारने ‘ग्रीन इनिशिएटिव्ह’ म्हणून ईमेलने अहवाल पाठवायला परवानगी दिली होती. म्हणजे ईमेल नोंदवला की जाडजूड पुस्तकं थांबतात. शेअर डिमॅटमध्ये असतील तर डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे ईमेल द्यायचा. कागदी सर्टिफिकेट असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे ‘आयएसआर-1’ नावाचा फॉर्म. पण मालकच हयात नसेल तर नुसता ईमेल देऊन भागत नाही. मृत्यूचा दाखला देऊन शेअर वारसांच्या नावावर करून घ्यावे लागतात. कंटाळवाणं आहे, मान्य! पण सात वर्षं लागोपाठ लाभांश कोणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअरसुद्धा सरकारच्या ‘आयईपीएफ’ या निधीत जातात. परत मिळवता येतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी कागदपत्रं आणि भरपूर धीर. आजोबांच्या एका कंपनीचं ‘शेवटची आठवण’ असं पत्र त्याच ढिगात सापडलं. न उघडलेलं.

दुसरा नळ, क्रेडिट कार्डं. धाकट्या चुलतभावाच्या नावाने एक कार्डच येऊन पडलं होतं. त्याने कधी मागितलंच नव्हतं! रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये याबद्दल स्पष्टच बजावलं: न मागता कार्ड द्यायचं नाही, आणि अशा कार्डावर पैसे लावले तर ते परत करून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. त्याने बँकेला तक्रारीचा मेल टाकला आणि त्यातच लिहिलं की माझा पत्ता मार्केटिंगच्या यादीतून काढा. तीन आठवड्यांत उत्तर आलं. कार्ड बंद.

तिसरा नळ, विजेचं बिल. ते पोस्टाने येत नाही, पण ढिगात असतंच. महावितरणच्या ‘गो-ग्रीन’मध्ये नाव नोंदवलं की कागदी बिल बंद होतं आणि दर बिलामागे दहा रुपये सूट मिळते. बिलावरच ‘जीजीएन’ नंबर छापलेला असतो, तो टाकून नोंदणी होते. बाबांना हे पटवायला दोन दिवस लागले. ‘‘कागद हातात असला की बरं वाटतं.’’ शेवटी दहा रुपयांनी काम केलं.

चौथा नळ सगळ्यात अवघड, देवाचा. कधीतरी आजीने एका देवस्थानाला एकशे एक रुपये पाठवले होते. तेव्हापासून अंगारा, कुंकवाची पुडी, देवाचा फोटो आणि देणगीची स्लिप असं पाकीट वर्षातून चारदा येतं. बघता बघता आणखी तीन संस्थांकडून यायला लागलं. ही पाकिटं कोण टाकणार? आई ती देव्हाऱ्यामागे ठेवते. देव्हारा पुढे पुढे सरकत चाललाय. यावर उपाय आईनेच काढला. तिने चार पोस्टकार्डं लिहिली: ‘ज्यांच्या नावाने आपण पाठवता त्या आता नाहीत. कृपया नाव कमी करावे. नमस्कार.’ दोन ठिकाणांहून पाकिटं थांबली. एका ठिकाणाहून आता आईच्या नावाने येतात!

उरलेल्या साध्या पाकिटांबद्दल मी पोस्टमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘न उघडता द्या माझ्याकडे. ‘घेण्यास नकार’ लिहा आणि सही करा. पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर परत जाईल. गेलेल्या माणसाचं असेल तर तसं लिहा. पण ताई, सही घेऊन देतो ते नाकारायच्या आधी दहादा विचार करा.’’

हे शेवटचं फार महत्त्वाचं. कायदेशीर नोटीस बरोबर पत्त्यावर आली आणि आपण ती नाकारली, तर कोर्ट साधारणपणे ती मिळाली असंच धरतं. नाही घेतलं म्हणून सुटका होत नाही. पूर्वी ‘रजिस्टर’ म्हटलं की घरात सगळे सावध व्हायचे. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे पाकिटाकडे नुसतं बघून वकिलाची नोटीस कुठली आणि बँकेचं कार्ड कुठलं हे ओळखणं आणखी अवघड झालंय. म्हणून आमच्या घरचा नियम: सही करून घेतलेलं प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडायचं आणि फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा बरं!

खरं तर हे सगळं एका फटक्यात व्हायला हवं. फोनसाठी आपल्याकडे 2007 पासून ‘डू नॉट कॉल’ची यादी आहे, टपालासाठी तशी यादी नाही. ब्रिटनमध्ये ‘मेलिंग प्रेफरन्स सर्व्हिस’ 1983 पासून आहे. तिथे नाव नोंदवलं की नावानिशी येणारी जाहिरातीची पत्रं कमी होतात. अॅमस्टरडॅमने तर 2018 पासून नियमच उलटा केला. ज्याला पत्रकं हवीत त्याने दारावर ‘हो’ असं स्टिकर लावायचं, स्टिकर नसेल तर टाकायची नाहीत. आपल्याकडे 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कंपनीच्या कॉम्प्युटरमधला आपला पत्ता हाही डेटाच. दिलेली संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसायला सांगायचा हक्क त्या कायद्यात आहे. तो पूर्ण लागू झाला की आईला पोस्टकार्डं कमी लिहावी लागतील, अशी आशा.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, फॉर्म भरताना ‘कायमचा पत्ता’ आणि ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्यासमोर डोळे झाकून ‘वरीलप्रमाणे’वर टिक करू नका. आपण जिथे राहतो तो पत्ता द्या आणि घर बदललं की तो बदला. दोन, घरच्यांसाठी एक वेगळा ईमेल उघडा, त्यांना विचारून, आणि तो आठवड्यातून एकदा खरंच बघा. नाहीतर ओटीवरचा ढीग नुसता इनबॉक्समध्ये जाईल.

आमच्याकडे आता आठवड्याला एखाददुसरं पाकीट येतं. आईचा कोपरा मोकळा झालाय. बाबा मात्र परवा फोनवर म्हणाले, ‘‘पोस्टमन हल्ली फिरकतच नाही. पूर्वी येऊन पाणी पिऊन, दोन गोष्टी बोलून जायचा.’’ मी त्यांच्या नावाने दोन मासिकांची वर्षाची वर्गणी भरली आहे. पहिला अंक यायचाय. बाबा रोज दुपारी गेटपाशी असतात, असं आई सांगते.