फोली स्क्वेअरच्या पायऱ्या

न्यूयॉर्कला जाणाऱ्या माणसाने स्वातंत्र्यदेवीचे दर्शन घ्यावे, एम्पायर स्टेटच्या गच्चीवरून मुंग्यांएवढ्या मोटारी पाहाव्यात आणि घरी फोटो पाठवावेत, असा शिरस्ता आहे. मीही तो पाळला. पण तिसऱ्या दिवशी भाच्याचा चौदा वर्षांचा मुलगा वाटाड्या म्हणून लाभला आणि शहराचा नकाशाच पालटला. "आजोबा, आज कॅप्टन अमेरिकाचं न्यूयॉर्क बघायचं," चिरंजीवांनी फर्मान काढले. आमची पिढी वेताळाच्या चित्रकथांवर वाढलेली. नाही कशाला म्हणा!

भुयारी गाडीत त्याने मला कथा ऐकवली. 2006 साली मार्व्हल कंपनीने 'सिव्हिल वॉर' ही सात अंकांची चित्रकथा काढायला घेतली. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन. स्टॅमफर्ड गावात काही उतावळे तरुण वीर कॅमेरे बरोबर घेऊन खलनायकांवर चालून जातात. त्यांतला एक खलनायक बॉम्बसारखा फुटतो आणि जवळच्या शाळेतल्या मुलांसकट सहाशेवर माणसे मरतात. मग सरकार कायदा करते: अंगी अचाट शक्ती असलेल्या प्रत्येकाने आपले खरे नाव नोंदवावे आणि सरकारच्या हुकमतीत काम करावे. आयर्न मॅन म्हणतो, योग्य आहे. कॅप्टन अमेरिका म्हणतो, आज नाव मागणारे सरकार उद्या आमचा शत्रू कोण तेही ठरवून देईल. वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून लढलेले मित्र एकमेकांवर हात उगारतात. स्पायडर-मॅन आधी आयर्न मॅनकडे असतो, मग मन खाऊ लागते आणि पलीकडे जातो. आपला युयुत्सूच म्हणा ना. 2001 च्या सप्टेंबरमधील हल्ल्यानंतर अमेरिकेत पॅट्रियट कायदा आला होता. तेव्हा हा वाद कोठून उचलला, हे तिथल्या वाचकांना सांगावे लागले नाही.

तुम्ही कोणाच्या बाजूचे, असा सवाल कंपनीने वाचकांना जाहिरातीतच केला होता. तोच पोराने मला केला. मी सरकारी नोकरीत हयात काढलेला माणूस. नोंदणी, दाखला, सही-शिक्का यांवर माझी श्रद्धा. "आयर्न मॅन," मी म्हणालो. पोराने खिडकीकडे तोंड फिरवले. बाहेर काळ्याकुट्ट बोगद्यापलीकडे पाहण्यासारखे काही नव्हते.

पहिला मुक्काम 42 व्या रस्त्यावरची मॅकग्रॉ-हिल इमारत. निळसर हिरव्या अंगाची ही उंच इमारत 1931 सालची. इथेच टाइमली नावाच्या प्रकाशनाच्या कचेरीत जो सायमन आणि जॅक किर्बी काम करीत. दोघेही ज्यू, दोघांचेही वडील शिवणकामावर पोट भरणारे. त्यांनी केलेल्या 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकावर तारीख मार्च 1941 ची असली, तरी अंक विक्रीला आला डिसेंबर 1940 मध्ये. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. शहरातल्या हिटलरभक्तांनी धमक्या दिल्या, पोलिसांचा पहारा बसला आणि महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला, असे सायमनने पुढे आठवणींत लिहिले आहे.

तिथून फ्रिक संग्रहालय. चित्रकथेतल्या वीरांचा वाडा या वास्तूवरून बेतलेला. आत रेम्ब्रां आहे, पण चिरंजीवांनी मला फाटकावरूनच परत फिरवले.

एसेक्स रस्त्यावर मात्र मी पाय रोवले. लोअर ईस्ट साइडचा हा भाग, 1917 साली किर्बी इथे जन्मला. एकेकाळी इथे निर्वासितांची दाटी होती, खोल्या कोंदट आणि पोरांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या रोजच्या. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला फार कल्पना लढवावी लागू नये. चित्रकथेतला कॅप्टनही याच वस्तीतला. चित्रपटवाल्यांनी त्याला ब्रुकलिनचा करून टाकला. 2016 साली ब्रुकलिनमध्ये त्याचा तेरा फुटी पुतळा बसला, तेव्हा जुने वाचक कुरकुरले.

चालत चालत आम्ही फोली स्क्वेअरला आलो. फेडरल न्यायालयाची 1936 सालची इमारत, पुढे उंच खांबांची रांग, रुंद पायऱ्या. "त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवरच गोळी घातली," पोरगा हलक्या आवाजात म्हणाला. शेवटच्या लढाईत कॅप्टन जिंकत आलेला असतो. पण आगीचे बंबवाले, पोलीस, साधी माणसे त्याला मागे खेचतात. उद्ध्वस्त झालेले शहर त्याला दिसते आणि तो शरण जातो. मार्च 2007 मधल्या अंकात त्याला न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात नेत असताना वध होतो.

आता बोलायची पाळी माझी होती. आदल्या रात्री मी थोडे वाचून ठेवले होते. सायमन आणि किर्बी यांनी दहा अंक केले आणि नफ्याच्या वाट्यावरून प्रकाशकाशी बिनसल्यावर दोघे मिळून बाहेर पडले. पुढे भागीदारीही संपली. 1964 साली त्याच प्रकाशकाने कॅप्टनला पुन्हा जिवंत केले. चित्रे किर्बीची, सायमन नाही. 1966 मध्ये सायमनने दावा लावला आणि फेब्रुवारी 1967 मध्ये प्रकरण न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात आले. कॅप्टनचा निर्माता मी एकटाच, असे सायमनचे म्हणणे. किर्बी प्रकाशकाच्या बाजूने उभा राहिला.

"म्हणजे किर्बी फितूर?" पोराने विचारले.

"चार मुलांचा बाप होता. पगार त्याच कचेरीतून येत होता. आणि एकट्याने केले, असे जोडीदाराने लिहून दिल्यावर त्याने काय करावे?"

"मग सायमन वाईट?"

"ज्या प्रकाशकाने फसवले असे दोघांनाही वाटले होते, त्याच्याशी तो भांडत होता."

1969 च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. आपण नोकर म्हणून काम केले, असे सायमनने लिहून दिले. तीस वर्षांनी म्हातारा पुन्हा उठला आणि 2002 साली याच इमारतीतल्या अपील न्यायालयाने ठरवले की त्या कागदाने त्याचा दावा बुडत नाही. 2003 मध्ये पुन्हा आपसात मिटले. किर्बी 1994 सालीच गेला होता. सायमन 2011 पर्यंत जगला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन.

पोराने फोन काढून चित्रपटाची नामावली शोधली. जो सायमन आणि जॅक किर्बी, एकाच ओळीत. त्याने ती मला दाखवली, फोन खिशात ठेवला आणि वकील मंडळींच्या वाटेतून सरकून एका पायरीवर बसला. आयर्न मॅनबद्दल त्याने पुन्हा विचारले नाही. चायनाटाउन जवळच होते आणि दोन वाजून गेले होते.