उठून बसल्यावरची भुवई

आडवं झाल्यावर प्रत्येकीचीच भुवई सुरेख दिसते. खुर्ची मागे झुकली की पापणीवरची सैल कातडी कानाकडे सरकते आणि भुवईचं टोक आपसूक उचललं जातं. बाई उठून बसली की तेच टोक डोळ्यावर उतरतं. साठी ओलांडलेल्या बायकांची आयब्रो करताना मी या टोकाशीच झुंजते आहे.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर माझ्या बायका माझ्याबरोबरच वयस्क झाल्या. पटेल ब्रदर्सच्या पिशव्या पायाशी ठेवून गुजराती बेन बसते, शेजारी हैदराबादी आपा. नव्वदच्या दशकात याच म्हणायच्या, “अजून बारीक कर.” मुळापासून वारंवार उपटलेला केस कधीतरी उगवायचं सोडून देतो. आता त्यांना भरघोस भुवई हवी आहे आणि कोरायला केसच नाहीत. त्यातून अनेकींच्या चेहऱ्यावर रेटिनॉल. त्या त्वचेला वॅक्स लावलं तर सालपट निघतं, म्हणून त्या पुन्हा दोऱ्याकडेच येतात.

आणि दोराच माझ्या तोंडातून गेला. २०२० च्या मार्चमध्ये पार्लरं बंद झाली, जूनमध्ये मास्क लावून उघडली, तेव्हा सगळ्यांनी दोरा मानेत अडकवला. मास्क सुटल्यावर मी तो परत दातात धरला. पण गेल्या वर्षी पुढच्या दातावर कॅप बसली आणि डेंटिस्टने सक्त मनाई केली. केस मुळासकट निघाला की मधेच तुटला, हे दाताला तत्क्षणी कळायचं. मानेला ते उशिरा कळतं, तोवर दोरा पुढे गेलेला असतो. सैल पापणीवर एवढा उशीर झाला तर कट लागतोच.

आमच्या कामात बाईचे दोन हातही लागतात. एक बोट भुवईच्या वर, एक पापणीवर, कातडी ताणलेली. संधिवाताने वाकलेली बोटं हा ताण धरू शकत नाहीत. धरलाच तर नको तितका ओढतात आणि टोक भलतीकडेच जातं. म्हणून मी आता बाईला आधी ताठ बसवते, माझ्याकडे बघायला सांगते, पांढऱ्या पेन्सिलीने टोक तिथेच नक्की करते. मग खुर्ची अर्धीच झुकवते. दोन केस काढायचे, कातडी सोडायला लावायची, पुन्हा उठवून बघायचं. पाच मिनिटांच्या कामाला वीस लागतात. पैसे मी पाच मिनिटांचेच घेते.

मॉलमधल्या खुर्च्यांवर हे कुणी करत नाही. तिथे सगळ्यांना एकच कमान. त्यावर हल्ली लॅमिनेशन आलंय, केस औषधाने मऊ करून वर चिकटवायचे. दोऱ्याचा हात नसला तरी चालतो. परवान्याचं म्हणाल, तर इलिनॉयमध्ये एस्थेटिशियनच्या परवान्याला ७५० तासांचं शिक्षण लागतं. टेक्सासमध्ये थ्रेडिंग करणाऱ्यांवरही एवढीच सक्ती होती. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्या ७५० तासांतले ३२० तास थ्रेडिंगशी संबंध नसलेल्या गोष्टींचे होते. निकाल वाचून मला फार बरं वाटलं. फेशियल आणि ब्लीच शिकून दोऱ्याचा हात बसत नाही.

माझ्या हाताखाली सोलापूरची एक मुलगी आहे. तिने दोरा पहिल्यापासून मानेतच धरला, त्यामुळे तिला काहीच गमावल्यासारखं वाटत नाही. हात चपळ आहे, कट लागत नाही. पण ती आडव्या चेहऱ्यावरच टोक ठरवते. म्हणते, “काकू, बायकांना कुठे एवढं कळतंय?”

मला कळतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मी समोरच्या भुवया बघत असते. माझी लांबूनही ओळखू येते. माझी नेहमीची बाई दुसऱ्या कुणाकडे जाऊन आली असेल, तर तेही कळतं आणि प्रसाद घशाखाली उतरत नाही. डेव्हनवर आयब्रो कुणाकडे करावी असं कुणी विचारलं तर माझंच नाव निघावं, ही हाव वयाबरोबर कमी झालेली नाही, वाढलीच आहे.

ज्या दिवशी ती मुलगी मी न सांगता बाईला उठवून बसवेल आणि पेन्सिल हातात घेईल, त्या दिवशी माझी खुर्ची तिची. ती आनंदाने देईन असं मात्र आज माझ्याच्याने म्हणवत नाही.